कमानीचा ठराव

मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९३

डोकं अजून ठणकतंय. पंचायतीच्या सभेत आज मी बायकांच्या संडासांचा विषय काढला. निधी आलाय, गावठाणात जागा आहे, मग अडचण काय? तर सरपंच नाना म्हणाले, "ताई, आमदारसाहेब गावात येतील तेव्हा त्यांना काय संडास दाखवायचे?" सगळे हसले. आणि त्या पैशांतून गावाच्या रस्त्यावर स्वागताची कमान बांधायचं ठरलं. कमान!

ठराव मताला टाकला. नानांचा हात वर गेला, पाठोपाठ सगळ्यांचे. शेजारी बसलेल्या अक्कांचासुद्धा. माझ्याखेरीज त्या एकट्याच बाई सदस्य, आणि संडासांचं परवा त्यांनीच माझ्या कानावर घातलं होतं. याला लोकशाही म्हणायचं? की घरोघरी आधीच ठरलेलं इथे येऊन नुसतं मोजायचं?

परतताना मी अक्कांवर चिडलेच. त्या शांतपणे म्हणाल्या, "माले बी संडासच पाहिजे व्हतात, ताई. पन पोऱ्यानी सांगं, नानास्ना हात वर गया का तू बी कर."

मग राग नक्की कुणावर काढू? शिकलेली म्हणून मला निवडून दिलं, आणि बोलले की हसतात.

कमान जिथे उभी राहणार, त्या वळणावर अक्का थांबल्या. पहाटे अंधारात आम्ही बायका त्याच रस्त्याच्या कडेला जातो.

"कमानवर मोठा लाइट लावनार शेतस म्हने," त्या म्हणाल्या. "मंग आपन बायास्नी कोठे बसानं?"