उतारावरची गळगळ

बास नदीचं खोरं, गिप्सलँड
३ जून

ती. आजीस,
रोरीचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा नवा बसला म्हणून मेलबर्नभर आत्याला पळवू नकोस. इकडे गाई मजेत. परवा पर्थकडे निघालेला एक ट्रकवाला भेटला, त्याच्याजवळ चक्क उंट... असो, ते मागाहून. खुशखबर ही की ओढ्याकाठच्या उतारावर गाई रुततात ना, तिथे मी आडवा चर खणला. पाणी भराभर ओढ्यात चाललंय. शाबासकी पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
रोरी

मेलबर्न
७ जून

चि. रोरी यास अ. उ. आ.

शाबासकी कसली, गाढवा! त्या उताराखाली आपली मोठी गांडुळं राहतात, माझ्या कमरेला येतील एवढी लांब. बिळं ओली, तोवरच ती जगतात. वरून चाललं की ती ओल्या बिळात सरकतात, पायाखाली ऐकू येते तीच ती गळगळ. तुझे आजोबा गेल्यापासून तेवढीच सोबत आहे मला. आत्या म्हणते, घर विकून इथेच राहा. उतार मुका झाला असेल तर मी तिचं ऐकेन.

चर बुजव, पण फावड्याने; ट्रॅक्टर नेलास तर बघ. गांडूळ दिसलं तर ओढू नकोस, तुटून मरतं. मग चालून ऐक नि खरं तेच कळव.

रागावले आहे, तरी जेवत जा वेळेवर.
आजी

बास नदीचं खोरं
१६ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

चर बुजवला. शेजारचे क्लेमकाका मदतीला आले, पण आधी विचारून घेतलं की खणायचा नि बुजवायचा पगार वेगवेगळा मिळतो का. कडेला एक गांडूळ लोंबत होतं. त्याच्यावर ओली माती हलकेच लोटली.

मग रोज चाललो. काही नाही. खोटं लिहावं असंही मनात आलं.

आज गाई आणायला गेलो, पाय जोरात पडला आणि खालून गळगळाट, कोणी टबाचं बूच उपटावं तसा! मी चिखलातच बसलो. घसरलो समजून काका धावत आले, तर त्यांच्याही पायाखाली गळगळ! म्हातारा टोपी काढून हसत सुटला.

पुन्हा पाय आपटावासा वाटत होता. पण म्हटलं, नको, बिचारी आत्ताच कुठे सावरलीत. बाकीचं तू येऊन ऐक.

चिखलाने भरलेला, पण तुझाच,
रोरी