सहा आठवड्यांची पोरगी

कॅलाना बे,
११ डिसेंबर २००६

प्रिय मार्लीनताई,
सा. न. वि. वि.

सुट्टी लागली की मुलांना सांभाळायला येतेस म्हणून लिहिलंस, पण यंदा नको येऊस. रागावू नकोस गं. या सहा आठवड्यांसाठी आम्ही ओ-पेअर आणली आहे. घरात राहायचं, मुलं सांभाळायची, बदल्यात जेवणखाण आणि हातखर्च. कादरी नाव, वय एकोणीस, एस्टोनियाची. तिकडे गुडघाभर बर्फ, आणि इथे डिसेंबरच्या भर उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी पोरीचं नाक भाजून सोललं! लाकी पाच वर्षांचा, पण तिला लाटांत उड्या मारायला शिकवणार म्हणतो. इमोजेन दहाची झाली तरी तिचं शेपूट होऊन फिरते.

वर्षभर शाळेच्या कँटीनमध्ये दुसऱ्यांच्या पोरांना जेवायला घालतेस, लहानपणी मला वाढवलंस. आता जरा पाय पसरून बस. आमचं कॅरॅव्हॅन पार्क सुट्टीच्या पाहुण्यांनी गच्च भरलंय, एकही केबिन रिकामी नाही, क्रेगला आणि मला श्वास घ्यायला वेळ नाही. आई वृद्धाश्रमात नर्सना शिव्या देते, म्हणजे तब्येत उत्तम.

लोभ आहे तेवढा असू दे.
तुझी,
टीगन

पोर्ट ऑगस्टा,
१९ डिसेंबर

प्रिय टीगन,
अनेक आशीर्वाद.

पाय पसरून बसले. पंधरा मिनिटांत कंटाळा आला. रागावले नाही, भरलेली बॅग रिकामी केली, एवढंच.

मुलांचे पोहण्याचे कपडे पोस्टाने पाठवले आहेत. कादरीच्या नावाने एक नाताळचं कार्डही टाकलंय. परक्या घरात नाताळ करणाऱ्या पोरीला आपलं नाव लिहिलेलं एखादं पाकीट मिळावं. तिचे तास किती ठरलेत? सुट्टी कोणत्या वारी? उगाच विचारते, नाक मुरडू नकोस.

क्रेगला आठवण सांग, मुलांना पापे.
तुझी,
मार्लीन

कॅलाना बे,
४ जानेवारी २००७

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

तू पोलिसात जायला हवं होतंस. ठरले होते तीस तास, रविवार मोकळा. पण ऐन हंगामात घड्याळ कोण बघतं? ती घरातलीच आहे. केबिन साफ करणारी बाई पाठ धरून बसली, तर कादरी चादरी बदलते, संडास घासते. मुलं तिच्या मागेपुढे असतातच, मग बिघडलं कुठे? रविवार मागत होती. क्रेग म्हणाला, सगळे रविवार शेवटच्या आठवड्यात एकदम घे. तेव्हापासून तोंड फुगलंय. पासपोर्ट मी ऑफिसच्या कपाटात ठेवलाय. या वयात पोरी काहीही हरवतात.

तू आपली काळजी करू नकोस, आणि माया आटू देऊ नकोस.
टीगन

कॅलाना बे,
१५ जानेवारी

ताई,

घाईत लिहिते. परवा लाकी एकटाच खडकांवर गेला आणि लाटेने ओढला. गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने त्याला बाहेर काढलं, नाहीतर आज हे पत्र लिहायला मी शुद्धीवर नसते. पायाला सहा टाके पडले. कादरीचं लक्ष नव्हतं. मी बोलले, खूप बोलले. सकाळी बघते तर अंथरुणाची घडी घातलेली, बया गायब. बसने गेली म्हणतात. इतकं घरच्यासारखं वागवलं, त्याचं हे फळ! पासपोर्टही मागितला नाही, इतकी घाबरलेली. कुठे जाणार आहे मेली?

टीगन

पोर्ट ऑगस्टा,
१८ जानेवारी

टीगन,
आशीर्वाद.

ती माझ्याकडे आली आहे. नाताळच्या कार्डामागे माझा पत्ता होता. दारात उभी राहिली तेव्हा गालावर चार बोटं उमटलेली होती. तू फक्त ‘बोलले’ असं लिहिलंस.

लाकी पाण्यापाशी आहे, असं तिने तुला सांगितलं होतं. तू म्हणालीस, पाहुणे दारात खोळंबलेत, आधी सात नंबरची केबिन कर, लाकीजवळ इमोजेन आहे. खोटं असेल तर तसं लिही.

तुझ्या मनगटावर भाजल्याचा डाग आहे. पाहुण्यांना तो दाखवून तू हसत सांगतेस की माझ्या बहिणीचं लक्ष नव्हतं. तू तीन वर्षांची होतीस, मी पंधराची. तुझ्यावर गरम तेल सांडलं तेव्हा मी मागच्या अंगणात आईचे एप्रन धूत होते. मासळीच्या कारखान्यातून यायचे ते. वास जाईपर्यंत घास, असा तिचा हुकूम. तुला दवाखान्यात नेऊन आणल्यावर तिने मला पट्ट्याने मारलं. त्याच्या आदल्या वर्षी तिनेच मला घरी ठेवलं होतं. म्हणाली, फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीपुरतं तुला सांभाळायचं. सुट्टी संपली, शाळा उघडली, मला कुणी परत पाठवलंच नाही. तुला दोष देत नाही, तू दोन वर्षांची होतीस. पण आता तू छत्तीस वर्षांची आहेस.

पासपोर्ट पाठव. ती तिच्या देशी परत जाईपर्यंत इथेच राहील.

लाकीच्या पायाला जप.
मार्लीन

कॅलाना बे,
२ फेब्रुवारी

मार्लीनताई,
सा. न.

पासपोर्ट सोबत आहे. तिच्या मोज्यांचा एक जोड राहिला होता, तोही पाकिटात टाकलाय.

आईला विचारलं. ती म्हणाली, मार्लीनला शाळेची आवडच नव्हती, ती आपणहून घरी राहिली. डोळ्यांची पापणीही न हलवता म्हणाली. तुम्हा दोघींत खरं कोण, हे उकरायला मला वेळ नाही. मला पार्क चालवायचं आहे. थप्पड मारायला नको होती. हे तिला सांगायचं तर सांग, नको तर राहू दे.

पुन्हा परकी मुलगी घरात आणणार नाही. ईस्टरच्या सुट्टीत परत गर्दी उसळेल, तेव्हा लाकीला इमोजेन बघेल. त्या दिवसापासून ती त्याचा हात सोडत नाही, बाथरूमच्या दाराशीही उभी राहते. नेटबॉलच्या शिबिरात तिचं नाव लागलं होतं, ते तिने स्वतःच जाऊन काढून घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं, आणि रडलीही नाही. इतकी समजूतदार झाली आहे की सगळे म्हणतात, अगदी तुझ्यावर गेली आहे.

लोभ ठेवायचा की नाही, तू ठरव.
टीगन