गंजलेला बोल्ट

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९५२, नागपूर

लष्कराच्या लिलावातल्या ट्रकचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलायला घेतले होते. एकच बोल्ट राहिला, गंजून बसलेला. नामदेव मिस्त्री कालपासून त्याच्यावर घासलेट सोडत होते, पान्याला लोंबकळत होते. मला हे काम त्यांनीच शिकवलं. सकाळी गॅरेजचे मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिस्त्रीच्या हातात आता जोर राहिला नाही गा. त्याले फाटकावर बसवू."

दुपारी मिस्त्री जेवायला गेले, तेव्हा मी ट्रकखाली शिरलो. बोल्ट आधी थोडा आवळला, मग उलटा ओढला. कुरकुरला आणि फिरला. मी तो पुन्हा होता तसा बसवून ठेवला. का? दया आली? की त्यांच्यासमोर तो काढायची लाज वाटली? अजून ठरवता येत नाही.

जेवून आल्यावर मिस्त्रींनी मालकांसमोर पाना लावला. बोल्ट सुटला. मालक ऑफिसात गेले.

मिस्त्रींनी बोल्ट माझ्या हातात ठेवला. "इतका सहज कसा निघाला गा?"

मी बोल्टवरचा गंज नखाने खरवडू लागलो.

"उद्यापासून असे बोल्ट तूच खोल. मालकाले मीच सांगतो."

राग नव्हता आवाजात. हात पुसले आणि ते सांगायला गेलेसुद्धा.