खालाचं बंद सिम

म्हणजे शेवटी तू रिचार्ज मारला न्हाईसच, खाला! "परत असा मुका फोन केलास तर सिम चुलीत घालीन" म्हणालीस, ते मला वाटलं रागाचं बोलणं. सव्वा महिना झाला, फोन लागत न्हाई. असो. रोशनबी खालास अजीमचा सलाम. गुडघा कसा आहे? राणी शेळी गाभण राहिली का? मी हितं मोरबीला फरशीच्या कारखान्यात खुशाल आहे. (लायबा, तूच हे खालाला वाचून दाखवतीयस ते मला ठाऊक आहे. कंसातलं मोठ्यानं वाचू नकोस. खुशाल न्हाई.)

भांडणात चूक तुझीच. मी भडकलो की तुला फोन लावायचो, तू "बोल की रं" म्हणायचीस, आणि मला काही बोलायला यायचं न्हाई. मग तू फोन न कापता अंड्यांच्या टोपलीत टाकून कामाला लागायचीस. राणीला शिव्या, नागफणीचा कडा चढणाऱ्या पर्यटकांना "सरबत घ्या रं, वर पाणी न्हाई", परत राणीला शिव्या. वीस मिनटांत माझी धडधड बसायची. तुला वाटायचं, पोरगं नुसतं बैलासारखं फुसफुसतंय आणि बॅटरी खातंय.

पंधरवड्यापूर्वी कारखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या, रागावर बोलायला. (जेवणाची सुट्टी त्यातच गेली, म्हणून निम्मे जण रागानंच ऐकत होते.) त्या म्हणाल्या, लहान पोराला आपापलं शांत होता येत न्हाई, कुणीतरी रोज जवळ घेऊन शांत करतं, आणि त्यानं मेंदूत वाट पडत जाते. मोठेपणी आपलं माणूस नुसतं जवळ असलं तरी डोकं त्याच वाटेनं खाली उतरतं. मला लगेच कळलं. आपल्या कुरवंडे गावच्या डोंगरात शेळ्यांची वाट कुणी खणली न्हाई, रोज चालून पडली. अम्मी गेल्यावर मी भिंतीला डोकं आपटायचो, तेव्हा तू काही समजावलं न्हाईस. मला पाठीशी बसवून तांदूळ निवडत राहायचीस, बस. मी हात वर करून म्हटलं, "मॅडम, आमच्या खालानं वाट पाडली, आणि आता तिथंच टोलनाका बसवलाय." लय हसल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, फरशी तू फोडलीस. मी फोडली नव्हती. तुला फोन लावला तर एक बाई म्हणाली, या नंबरवर इनकमिंग बंद आहे. तीनदा लावला. आवाज गोड आहे तिचा, पण ती शेळीला शिव्या घालत न्हाई, काय उपयोग? मग मात्र मी फरशा फोडल्या. अकरा. आता एकदा जरी भडकलो तर थेट घरी, असं त्यानं सांगितलंय. ही चौथी नोकरी.

पण तू काळजी करू नकोस. राग आला की मी आता मनातल्या मनात तांदूळ निवडतो. जमतंय. तुझ्या फोनची गरज न्हाई.

तुझाच
अजीम

ता. क. (लायबा, हे मात्र मोठ्यानं वाच.) जमत न्हाई. खडेच लय निघतात.

आणखी ता. क. रिचार्ज मी हितनंही मारला असता, पण तुझ्या मर्जीशिवाय मारला तर तू सिम खरंच चुलीत घालशील. माझ्याशी बोलू नकोस, खाला, फक्त फोन टोपलीत ठेव. आमच्यातला सत्यम सुट्टीवर कामशेतला येतोय, त्याच्या हाती पाठवतोय: रिचार्जचे तीनशे एकोणपन्नास, आणि राणीच्या पेंडीचे वेगळे एक्कावन्न, म्हणजे पेंडीचं निमित्त काढून रिचार्जला हात लावायचा न्हाई. एकूण रुपये चारशे.