द्रोहेड्यातलं मत

मिल्टन, ऑन्टॅरिओ
१७ जून २०१८

प्रिय नॉर्बर्टदादा,

सस्काटूनला आता तरी ऊन पडायला लागलं असेल. मेव्हिस वहिनीचा गुडघा कसा आहे? इथे आम्ही ठीक. ॲलरॉय सकाळी टोरांटोची ट्रेन पकडतो, मी नर्सिंग होममध्ये इव्हिनिंग शिफ्ट करते. बॅकयार्डात थोडी मेथी पेरलीय.

परवा तुझा फोन आला. "ग्लेन्डाच्या कन्फर्मेशनला तू येऊ नकोस, तिच्यामागे वहिनीची बहीण उभी राहील," एवढं बोलून तू ठेवून दिलास. तुझ्या लेकीची गॉडमदर मी आहे, तिच्यामागे उभं राहायचं ते मी. बाप्तिस्म्याला तिला मीच हातात धरलं होतं. कारण तू सांगितलं नाहीस, पण डब्लिन एअरपोर्टवरचा माझा फोटो तू पाहिलास हे मला कळलं. माझ्या स्वेटरवर 'येस'चा बिल्ला होता.

होय, मी मत द्यायलाच गेले होते. तिथलं नागरिकत्व आहेच, आयर्लंड सोडून दीड वर्ष झालं नव्हतं आणि परत जायचं की नाही हे आमचं अजून ठरत नाहीय, म्हणून यादीत नाव राहिलं होतं. गर्भपातावरची बंदी घटनेतून काढायची की ठेवायची, एवढाच प्रश्न होता; काढायची म्हणजे 'येस'. मी आठवडाभर आधी पोचले आणि द्रोहेड्यात, आमच्या जुन्या गावी, नोरीनबरोबर दारोदार फिरले. नोरीन ही आमची तिथली शेजारीण. पाणीपट्टीविरुद्ध आंदोलन झालं तेव्हा ती मीटरच्या खड्ड्यात उभी राहिली होती, शेवटपर्यंत मीटर बसवू दिला नाही. या वेळीही तसंच. स्वयंपाकघरात बसून पत्रकं घडी करणाऱ्या बायका, पाठीशी कुणी मोठं नाही. काहींनी तोंडावर दार आपटलं. एक बाई मला म्हणाली, "तू इथली नाहीस. तुला काय करायचंय?"

"तिला काय करायचंय ते तिला माहीत आहे," नोरीन म्हणाली.

आम्ही जिंकलो. निकाल जाहीर झाला त्या डब्लिनच्या किल्ल्याच्या आवारात लोक रडत होते, आणि त्यांच्यासमोर हात हलवत होते ते नेते, ज्यांनी इतकी वर्षं हा प्रश्न टोलवला. नोरीनने टीव्ही बंद केला. तिच्या घरमालकाला घर विकायचंय, तिला नोटीस आलीय, आणि कौन्सिलच्या स्वस्त भाड्याच्या घराचा पत्ता नाही. "आता यांना आपण लागणार नाही," ती म्हणाली. मीही काही आनंदात परतले नाही.

दादा, मला काय करायचं होतं ते आता लिहिते. २०१५ साली बाळ पोटातच गेलं असं मी तुला फोनवर सांगितलं. तसं झालं नव्हतं. स्कॅनमध्ये दिसलं की त्याची कवटीच तयार झालेली नाही. जन्मलं तरी ते जगणार नव्हतं. डॉक्टरीणबाई खाली बघून म्हणाल्या, "इथे आम्हाला काही करता येत नाही. दिवस भरेपर्यंत थांबा, नाहीतर इंग्लंडला जा." बसमध्ये, ग्रोसरीत, लोक पोटाकडे बघून हसायचे, कितवा महिना म्हणून विचारायचे. शेवटी आम्ही बोटीने लिव्हरपूलला गेलो. परत येताना मला रक्त जात होतं, आणि शेजारच्या टेबलावर कुणाची तरी बर्थडे पार्टी चालली होती. बाळाची राख नंतर कुरिअरने आली. कुरिअरवाल्याने सही घेतली आणि 'हॅव अ नाइस डे' म्हणाला.

तू तुमच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा ठेवलीस. 'माझी बहीण फार धीराची' असं सगळ्यांना सांगितलंस. ती धीराची बहीण आणि आता जिची तुला लाज वाटते ती, एकच बाई आहे. तेव्हा खरं सांगितलं असतं तर तू मिस्सा ठेवली असतीस का, हे मी विचारत नाही. मला उत्तर माहीत आहे, म्हणून तर तेव्हा बोलले नाही.

ग्लेन्डाला माझ्याविषयी काय सांगायचं ते तू ठरव. फक्त आँटीला बरं नव्हतं असं सांगू नकोस. आणि उत्तर पाठवलंस तर त्यात माझ्यासाठी प्रार्थना करतोस असं लिहू नकोस.

बाळाचं नाव आम्ही डॅरेन ठेवलं होतं.

डॅरेनची आई,
रेबेका