कॅशेलच्या सहलीत मी कुठे होतो

नॉकारडन
शनिवार, १४ जून

प्रिय लॅरी,

तुझी तब्येत बरी असावी. नुसतं लिहायचं म्हणून लिहीत नाही, या वेळी मनापासून म्हणतो. मी बरा आहे. गुडघा तसाच. अक्षराला हसू नकोस. शाळेत तू पुढे गेलास आणि मी गायींमागे.

अकरा वर्षांनी माझं पत्र बघून तू ते न फोडताच शेगडीत टाकशील, अशी धास्ती आहे. निदान पहिलं पान तरी वाच.

आमच्याकडे गवत कापून झालं, पण वाळवायला ऊन नाही. गुरुवारी पेन्शनरांच्या मंडळाची सहल तुमच्या कॅशेलला आली होती. बिड टीजन नावाची विधवा बाई सगळं बघते. मी कधीच जात नाही, म्हणून बुधवारी जागा मागितली तर म्हणाली, "डिनी हेफरनन आणि सहल? अरे, दचकून बस बंद पडेल!" वाटेत जपमाळ झाली, हॅमची सँडविचं झाली. तुमच्या गावच्या त्या मोठ्या खडकावरचे पडके मनोरे छान होते. डोमकावळे फार झालेत.

खरं सांगायचं तर मी खडकावर चढलोच नाही.

मंगळवारी सकाळी रेडिओवर मयतांची नावं वाचत होते. ती मी कधी चुकवत नाही, लापशी ढवळता ढवळता ऐकतो. "लॉरेन्स हेफरनन, कॅशेल. चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा गुरुवारी अकरा वाजता." तुझंच पूर्ण नाव. एवढं ऐकलं आणि माझ्या हाताने रेडिओ बंद केला. पुढे बायकोचं, मुलांचं, रस्त्याचं नाव सांगतात, त्यावरून कोण गेलं ते ओळखायचं असतं. आपल्याकडे हे पोरंसुद्धा जाणतात. मी ऐकलंच नाही. लापशी करपली.

कुणाला विचारणार? सख्खा भाऊ गेल्याचं रेडिओवरून कळलं, हे कुठल्या तोंडाने सांगू? दोन दिवस शेजारपाजारचं कुणी भेटायलाही आलं नाही. मला वाटलं, मी त्याच लायकीचा, म्हणून येत नाहीत.

बस थांबल्यावर बिडला म्हटलं, पोटात कळ येतेय, तुम्ही वर जा. "जा बाबा, पण औषध पबात शोधू नकोस," ती म्हणाली. सगळे हसले. मी चर्चकडे निघालो.

मिस्सा संपत आली होती. घरच्यांचं सांत्वन करायला उभ्या लोकांच्या रांगेत लागलो. पुढच्या बाकावर काळ्या कपड्यातली एक बाई. मनात आलं, नुआला गेल्यावर लॅरीने दुसरं लग्न केलं आणि मला कळवलंही नाही. तेव्हासुद्धा मला रागच यावा, बघ.

तिचा हात हातात घेतला. "तुमच्या दुःखात मी आहे, बाई. मी लॅरीचा भाऊ."

"कुणाचा?"

"लॅरीचा. थोरला."

"अहो, लॅरीला भाऊच नव्हता." मग शेजारच्या नणंदेकडे वळून म्हणाली, "कॅथलीन, तुझ्या आईने आमच्यापासून काही लपवलं होतं का गं?"

अख्खा बाक हसायला लागला, शवपेटी समोर असताना. मी घामाघूम. पण त्या बाईने माझा हात सोडला नाही. "तुमचा लॅरी म्हणजे तो पोस्टातला का? तो काय, मागे उभा आहे."

मी वळून बघितलं. पवित्र पाण्याच्या कुंडाजवळ तू होतास, टोपी हातात धरून. केस सगळे पांढरे, कान बाबांसारखे. तू माझ्याकडे बघत होतास की पेटीकडे, ते कळलं नाही. मला लांबचं दिसत नाही आता. जिवंत होतास. आणि मी काय केलं? बाजूच्या दाराने सटकलो आणि सहल परत येईपर्यंत बसमध्ये बसून राहिलो.

तू मला पाहिलं असशील तर हे सगळं तुला ठाऊकच आहे. नसशील, तर मी सांगायला नको होतं. दोन दिवस हाच विचार करतोय.

आता दुसरं. नुआला गेली तेव्हा मी निरोप धाडला की गाय व्यायला झालीय, येता येत नाही. गाय वगैरे काही नव्हतं. सूट घालून मी चर्चच्या फाटकापर्यंत आलो होतो. तिच्या आजारपणात एकदाही फिरकलो नव्हतो. आत आलो तर तू सगळ्यांसमोर विचारशील, "आता आलास?" म्हणून मागे फिरलो. नुआलाने माझं कधी काही वाकडं केलं नव्हतं.

त्या परक्या बाईला जे म्हणालो, ते तुला म्हणायचं राहिलंय. कागदावर लिहीत नाही. ते हात हातात घेऊन म्हणायचं असतं.

येत्या गुरुवारी दहाची बस धरतो. उत्तर पाठवू नकोस. "ये" आलं तर गुरुवारपर्यंत मला अन्न जाणार नाही. "नको" आलं तर न येण्याला कारण मिळेल, आणि कारण मिळालं की मी काय करतो ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही.

येतोय,
तुझा थोरला भाऊ
डिनी