गुलनारचे बूट

गुलनार पोरी,

हे पत्र मराठीतच लिहितेय, कारण टाकायचं नाहीच आहे. तुमच्याकडे परदेशातलं पत्र आधी पोलीस वाचतात.

नागोयाच्या शर्यतीत तू छातीवरच्या देशाच्या नावावर तुरुंगातल्या कोचचं नाव चिकटवून धावलीस. तुमचे अधिकारी तुला लगेच परत न्यायला निघाले, तेव्हा तू पळून, शर्यतीत स्वयंसेवक असलेल्या माझ्या घरी आलीस. पिठलं दोनदा मागून खाल्लंस. मग तिकडे तुझ्या आईला उचललं. मी हात धरला, तर म्हणालीस, "मावशी, ती माझ्यामुळे आत आहे." हट्टी कार्टी! गेलीस. आईला सोडलं म्हणे, तुला मात्र नाही.

धावायचे बूट इथेच राहिलेत. माझ्या जपानी सासूबाईंनी शिकवलंय, पाहुण्याचे बूट दाराकडे तोंड करून ठेवायचे, म्हणजे निघताना सोपं जातं. आज सकाळी आमच्या लेकाने, केनने, तुझेही तसेच ठेवले. मी त्याच्यावर उगाच ओरडले. मग स्वतःच ते उलटे, आत तोंड करून ठेवले.

तसे दिसले की वाटतं, तू आत्ताच घरात शिरलीस.

तुझी,
चंद्रप्रभामावशी